येळवशीच्या दिवशी संचारबंदी

लातूरच्या थिएटरात त्या सिनेमाचा खेळ लावला तेव्हा आमची निम्मी शाळा एसटीने गेली होती. मध्यंतरात समोशाच्या रांगेत माझ्यामागे उभे असलेले एक गृहस्थ बायकोला सांगत होते, "पोरींनी काम झ्याक केलंय, पण गावात संचारबंदी लागली, संचारबंदी लागली म्हणतात आणि ती कुठं दिसतच नाही. पैसे संपले असतील." मला मागे वळून सांगावंसं वाटलं, अहो, पैसे नाही, भज्जी. पण समोसे संपत आले होते आणि ही गोष्ट उभ्या उभ्या सांगण्यातली नाही.

मी देवणीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेर नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, इस्लापूरला. कॉलेज नांदेडला झालं. नोकरी लागली तोवर देवणी हे बैलांच्या जातीचं नाव आहे एवढंच मला ठाऊक होतं. रुजू व्हायला आदल्या दिवशी आले तर तो दिवस नेमका येळवशीचा निघाला. आमच्या भागात हा सण नाही, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. एसटीतून उतरले तर स्टँडवर चिटपाखरू नाही. सगळ्या दुकानांची शटरं खाली, चहाची टपरी बंद, घरांना कुलपं. गावात काहीतरी भयंकर घडलंय अशी माझी खात्रीच झाली. बॅग छातीशी धरून मी बाकावर बसले आणि वडिलांना फोन लावला, इथं दंगल झालीय, मी परत येते म्हणून.

वडील काही बोलायच्या आत समोर एक टमटम थांबली. आत दाटीने बसलेली माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर पातेलं नाहीतर टोपलं. एक म्हातारे आजोबा बाहेर डोकावून म्हणाले, "एकट्या कामून बसलात, बाई? चला शेतात." मी कोण, कुठली, काही नाही. फोन चालू ठेवूनच मी टमटममध्ये चढले. वडील पलीकडून "कुठं चाललीस? कोण आहेत ती माणसं?" म्हणून ओरडत होते. त्यांची समजूत घालायला मला पुढचे कितीतरी दिवस लागले.

येळवशी म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला इथली माणसं घराला कुलूप लावून शेतात जातात. कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजतात, आणि मग दिवसभर जेवतात. शेतात जे जे उगवलंय ते सगळं घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मातीच्या बिंदग्यात गार केलेली आंबिल. यात एक रीत आहे. बांधावरून कुणीही जाऊ दे, त्याला हाक मारायची आणि जेवल्याशिवाय सोडायचं नाही. हाक मारताना नाव-आडनाव विचारत नाहीत. विचारतात, पण नंतर, तोवर ताट वाढलेलं असतं. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते मी लहानपणापासून पाहत आलेय, म्हणून ही रीत मला फार म्हणजे फारच आवडली. त्या आजोबांनीही विचारलंच. ऐकून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आंबिल घ्या अजून, गार हाय."

तर सिनेमा. तो करणारी बाई पुण्याची, तिशीतली, मृदू आवाजाची, शाळेच्या शिपायालाही अहो-जाहो करणारी. तिची कथा अशी होती की नववीतल्या चार मैत्रिणी एका बाकावर दाटीवाटीने बसतात, गावात दोन समाजांत कुरबूर सुरू होते, वाढत जाते, आणि तसतसा तो बाक रिकामा होत जातो. तिला खऱ्या शाळेतल्या खऱ्या मुली हव्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मुली सांभाळायचं काम माझ्या गळ्यात मारलं. माझा स्वभाव तापट आहे हे त्यांना माहीत होतं, त्यांना तेच हवं असणार. पहिल्याच दिवशी चालू शॉटमध्ये मी "अगं, मान वर कर की!" म्हणून ओरडले. त्यानंतर माझी खुर्ची कॅमेऱ्यापासून लांब, कडुनिंबाखाली मांडण्यात येऊ लागली.

मुख्य काम करणाऱ्या दोघी माझ्या दहावीच्या वर्गातल्या. एक होती त्या टमटममधल्या आजोबांची नात. तिच्या वडिलांकडे देवणी बैलांची जोडी आहे, आणि त्या घरात माणसांच्या आधी बैलांना पाणी मिळतं. दुसरी होती नालबंदाची मुलगी. बैलांच्या खुरांना नाल ठोकायचं काम तिच्या आजोबांपासून चालत आलेलं, आता बैल कमी झाले म्हणून वडील त्याच दुकानात पंक्चरही काढतात. मुलगी हुशार. दहावीनंतर लातूरला जाऊन सायन्स घ्यायचं हे तिने आठवीतच ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याआधी मी ठरवलं होतं. दोन्ही घरांचा घरोबा मुलींच्याही आधीचा. त्या शेतकऱ्याच्या बैलांच्या खुराला दुसऱ्या कुणाचा हात कधी लागला नव्हता, आणि दर येळवशीला नालबंदाचं सगळं घर त्यांच्या शेतात जेवायला असायचं.

दिग्दर्शिकेने भूमिकांची अदलाबदल केली. शेतकऱ्याच्या मुलीला मुसलमान मुलगी केलं आणि नालबंदाच्या मुलीला हिंदू. "म्हणजे दोघींना एकमेकींच्या जागी उभं राहावं लागेल," ती म्हणाली. मला हे अगदी पुणेरी वाटलं, पण पोरींना मजा आली. एकीने दुसरीच्या कपाळावर टिकली नीट मधोमध बसवून दिली, दुसरीने पहिलीच्या हिजाबला पिन लावली. पिन हनुवटीला टोचली तेव्हा जी किंकाळी उठली ती मी वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेत ऐकली.

मग तो फोटो. शेतकऱ्याच्या मुलीची चुलती एकदा पुतणीचं काम बघायला आली. तिने हिजाबातल्या पुतणीचा फोटो काढला आणि कौतुकाने स्टेटसला ठेवला. 'आमची हिरोईन', आणि खाली रंगीबेरंगी बदाम. संध्याकाळपर्यंत तो गावभरच्या फोनवर फिरत होता, आणि कुणीतरी ती 'हिरोईन' आणि ते बदाम कापून टाकले होते. त्या जागी जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. शाळेत मुली बाटवतात, असा त्याचा मतलब होता. माझं तर डोकंच फिरलं. उन्हाळ्यात लातूर-उदगीरच्या निम्म्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात गुंडाळून स्कूटीवर फिरतात, तेव्हा कुणाला काही सुचत नाही. आणि ह्या एका फोटोने सगळ्यांना एकदम धर्म आठवला.

दुसऱ्या दिवशी चौकात सभा झाली, अर्धा दिवस बाजार बंद राहिला, शाळेच्या फाटकाशी पोलिसांची गाडी उभी राहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी दोन्हीकडची वडीलधारी माणसं बोलावून त्यांना सिनेमाची गोष्ट सांगितली, चहा पाजला, आणि वरवर सगळं मिटलं. पण सभेच्या दिवशीच दोन पोरगे नालबंदाच्या दुकानात जाऊन उभे राहिले होते. "तुमच्या पोरीनं आमच्या पोरीला नादी लावलं. शाळेचा रस्ता आमच्या बघण्यातला हाय," एवढं बोलून ते निघून गेले. ते मात्र मिटलं नाही. माझ्या वर्गातले बाक आपोआप बदलले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, नुसत्या जागा बदलल्या. जे दाखवायला पुण्याची बाई एवढं सामान घेऊन आली होती ते माझ्या डोळ्यांदेखत फुकटात घडत होतं, आणि मी फळ्यावर अपवर्तनाचे नियम लिहीत होते.

नालबंद शाळेत आले ते दाखला मागायला. मी म्हटलं, दहावीचं वर्ष आहे, बोर्डात नाव गेलंय, आता कसला दाखला? ते म्हणाले, "मंग राहू द्या दाखला. बीदरला मामू हाय तिचा, तिथं नेऊन सोडतो."

"आणि परीक्षा?"

"जीव हाय तर परीक्षा, मॅडम."

मी बरंच बोलले, आवाजही चढवला. ते शांतपणे ऐकत राहिले. जाताना दारात थांबून म्हणाले, "माझ्या बापापासून ह्या गावच्या बैलांना नाल ठोकून राहिलो आमी. ती पोरं दुकानात येऊन गेली, सगळ्या गल्लीनं बघितलं. पण कुणी एक शब्द बोललं न्हाई."

कुणी म्हणजे कोण, ते मला कळलं. मी त्याच संध्याकाळी शेतकऱ्याच्या घरी गेले आणि स्पष्ट सांगितलं, तुम्ही त्यांच्या दुकानात जा, दोन शब्द बोला, नाहीतर एका पोरीची दहावी बुडते. शेतकरी बैलांच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "बघू, मॅडम," म्हणाला. 'बघू' म्हणजे नाही, हे मला इतक्या वर्षांत समजायला लागलंय. यंदा येळवशीला नालबंदाला बोलावणं गेलं नाही, हेही मला शेतकऱ्याच्याच मुलीकडून कळलं. मी चहा न पिता उठले. रस्त्यात मला इतका राग आला होता की एका दगडाला लाथ मारून अंगठ्याचं नख उपटून घेतलं.

सिनेमाचा आता एकच प्रसंग उरला होता. गावात संचारबंदी लागलीय आणि त्या दोघी निर्मनुष्य बाजारातून एकमेकींचा हात धरून घरी चालल्यात. भरलेला बाजार रिकामा कसा करायचा, पोलिसांकडे परवानगी मागायची तर आधीच गाव नाजूक. दिग्दर्शिका हवालदिल झाली. तेव्हा शाळेचा शिपाई म्हणाला, "येळवशीला करा की. माणूस म्हून दिसायचा न्हाई." तिला तो देवच भेटल्यासारखा वाटला. नालबंदांनी मुलीला पाठवायला साफ नकार दिला होता, म्हणून तिच्या जागी तेवढ्याच उंचीची दुसरी मुलगी पाठमोरी चालवायची असं ठरलं. मी म्हटलं, "अहो, पण गाव रिकामं असेल म्हणजे पोरीसुद्धा नसतील." ती गोड हसून म्हणाली, "मी सगळ्यांना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात." आमच्या पोरी मॅडमला नाही म्हणत नाहीत. नकार द्यायचा असला तरी 'हाव मॅडम'च म्हणतात आणि येत नाहीत. पण एवढं बारीक पुण्यात शिकवत नसावेत.

येळवशीच्या सकाळी बाजार असा काही रिकामा होता की विचारू नका. कॅमेरे लागले, गाड्या लपवल्या, रस्त्यावर जळका टायर आणून ठेवला. नऊ वाजले, दहा वाजले. एकही पोरगी आली नाही. फोन लावावेत तर शेतात रेंज नाही. दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलं. मी तोंडातून शब्द काढला नाही, पण चेहऱ्यावर काय होतं ते मला झाकता आलं नसावं. अखेर ती आणि मी जीपमध्ये बसून शेतकऱ्याच्या शेताकडे निघालो. बीदरच्या रस्त्याला, गावापासून थोडं पुढे त्यांचं शेत आहे, रस्त्यापासून बांधापर्यंत गाडीवाट.

आम्ही उतरलो न उतरलो तोच ताटं समोर. दिग्दर्शिका म्हणाली, पाचच मिनिटं, मुलीला घेऊन निघायचंय. आजोबा म्हणाले, "हाव, हाव, बसा." तिने पुन्हा सांगितलं. आजोबांनी पुन्हा हाव म्हटलं आणि भज्जीवर तेल सोडलं. मग तिने पहिला घास घेतला, आणि मी मनातल्या मनात त्या शूटिंगला निरोप दिला. थोड्या वेळाने तिने स्वतःच जीप पाठवून बाजारातली सगळी माणसं बोलावून घेतली, उपाशी कशाला राहतील म्हणून. कॅमेरावाला तर तिसऱ्यांदा आंबिल पिऊन तुरीच्या सावलीत आडवा झाला तो घोरायलाच लागला. संचारबंदी तिथेच बोंबलली.

शेतकरी सकाळपासून बांधावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होता. कुणी सायकलवाला, कुणी दुधाचा टेम्पो, एकदा तर रिकाम्या एसटीचा ड्रायव्हर-कंडक्टरही उतरून उंडे खाऊन गेले. माझ्या नजरेला तो नजर देत नव्हता. मीही देत नव्हते. त्याची मुलगी खोपीशी पाय पोटाशी घेऊन बसली होती, तिने ताटाला हातसुद्धा लावला नव्हता.

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा गावाकडून एक मोटारसायकल आली. थंडीचे दिवस, चालवणाऱ्याने डोक्याभोवती मफलर गुंडाळलेला, मागे शाल पांघरून कुणी बसलेलं. शेतकऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. त्याने कपाळावर हात धरला आणि सवयीने हाक मारली, "ओ पावणं! थांबा की! जेवून जावा!"

मोटारसायकल थांबली. इथला माणूस या दिवशी अशा हाकेला सवयीने थांबतोच. चालवणाऱ्याने मफलर खाली केला. नालबंद होते. मागे त्यांची मुलगी, आणि कॅरिअरला चादरीत बांधलेलं गाठोडं, त्यावर शाळेचं दप्तर.

मला एका क्षणात सगळं कळलं. बीदरला निघाले होते. आजचाच दिवस निवडला होता, कारण आज बाजारात कुणी नसतं, पोरगी गावातून जाताना कुणी बघणार नव्हतं. शेतकऱ्याचा वर केलेला हात तसाच राहिला होता. हाक तर मारून झाली होती. ओळखलं असतं तर त्याने मारली असती की नसती, देव जाणे. खोपीपाशी आजोबांच्या हातातली पळी थांबली.

मग शेतकऱ्याने हात खाली घेतला आणि अनवाणीच ढेकळांतून रस्त्याकडे चालायला लागला. तो काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. नालबंद मान हलवत होते, नको, उशीर होतोय, असं काहीतरी. शेतकऱ्याने हात पुढे करून गाडीची किल्ली काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. मग मात्र नालबंद खाली उतरले, आणि दोघांनी गाडी ढकलत गाडीवाटेने बांधापाशी आणली.

त्यांची मुलगी त्यांच्याआधी पळत आली. दोघी पोरी एकमेकींना नुसत्या चिकटल्या आणि खोपीच्या मागे गेल्या. नालबंदांनी हात-पाय धुतले, ताटावर बसले. चुलती वाढायला आली. "भाई, त्यो फोटू म्या ठेवला होता," ती म्हणाली. "असं व्हईल म्हून मला काय ठावं?"

"तुमी कवतिकानं ठेवला, वैनी," नालबंद म्हणाले. "त्येचा राग न्हाई." मग शेतकऱ्याकडे न बघता म्हणाले, "ती पोरं येऊन गेली तवापासून तुमी कितीदा माझ्या दुकानावरून गेलात. हरबार खाली मान घालून. त्येचा राग हाय."

सगळे आता शेतकरी काय सबब सांगतो याची वाट बघत होते. मीही. तो नालबंदांच्या समोर उकिडवा बसला.

"भेलो होतो," तो म्हणाला. "त्या पोरांना भेलो होतो, भाई. दुसरं काय न्हाई."

मोठा बाप्या माणूस, भावकीच्या देखत, सगळ्या पुण्याच्या माणसांच्या देखत असं म्हणाला. माझा त्याच्यावरचा राग तिथल्या तिथे उतरला. पण तेवढ्याने काम भागणार नव्हतं आणि दोघंही आता भज्जीबद्दल बोलायला लागतील अशी लक्षणं दिसत होती. मला राहवेना. वर्गात असतो तसा माझा आवाज लागला. "भिऊन झालं असेल तर परीक्षेचं बोला! पोरीचं नाव बोर्डात गेलंय. बीदरला नेऊन तिचं काय करणार आहात, तिथल्या बोर्डात पुन्हा नववीत बसवणार?"

कॅमेरावाला दचकून जागा झाला.

नालबंदांनी घास खाली ठेवला. "मॅडम, शाळेत तुमी हायेत," ते म्हणाले. "मला ठावं हाय. पण घरापासून शाळेपोत रस्ता हाय न? रस्त्यावर कोण हाय?"



"मी हाय," शेतकरी म्हणाला.

नालबंदांनी त्याच्याकडे पाहिलं.

"रोज सकाळी गाडी घेऊन तुझ्या दारात येतो. दोघींना बसवतो आन् बाजारातून नेतो. मागल्या गल्लीनं न्हाई, चौकातून. संध्याकाळी तसंच." मग तो म्हणाला, "भ्या वाटलं तरी नेतो."

नालबंदांनी ताटातलं सगळं निपटून खाल्लं, आंबिल प्याले, हात धुतले. आजोबांना सलाम केला. मग खोपीच्या मागे बघून मुलीला म्हणाले, "चल बेटा."

एवढंच. होही नाही, नाहीही नाही. मुलगी शालीचं टोक तोंडाशी धरून बाहेर आली. शेतकऱ्याने खिशातून किल्ली काढली, ती हातात धरून क्षणभर उभा राहिला, आणि देऊन टाकली. दुसरं काय करणार होता? पोरगी त्यांची, गाडी त्यांची. दप्तर त्या गाठोड्यावर तसंच बांधलेलं होतं.

गाडीवाटेने मोटारसायकल हळूहळू निघाली. गाडीवाट जिथे डांबरी रस्त्याला लागते तिथे डावीकडे बीदर आणि उजवीकडे देवणी. आम्ही सगळे बघत नसल्यासारखं करत होतो. चुलती रिकामं पातेलं घासत होती. दिग्दर्शिका माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की नंतर तिथे वळ उठला. तिचा कॅमेरा जीपमध्ये पडला होता आणि तो आणावा असं तिच्या मनातही आलं नाही, यासाठी मी तिला आयुष्यभर मान देईन. शेतकऱ्याची मुलगी एकटी उघडउघड बांधावर जाऊन उभी राहिली.

डांबरी रस्त्यावर मोटारसायकल थांबली. नालबंदांनी एक पाय खाली टेकवला. मागची मुलगी सरळ बसली होती, तिने वळून आमच्याकडे पाहिलं नाही, वडिलांच्या कानाशीही लागली नाही. बीदरकडून एक ट्रक आला, तो जाऊ दिला. ट्रक गेला तरी ते उभेच. मला वाटलं, आता आपल्याच्याने बघवणार नाही, पण नजर काही हलेना.

मग त्यांनी पाय वर घेतला आणि गाडी उजवीकडे वळली. देवणीकडे.

चुलती पातेलं टाकून रडायला लागली, आजोबा तिच्यावर खेकसले आणि स्वतःच पटक्याच्या शेवाने डोळे पुसायला लागले. शेतकऱ्याची मुलगी बांधावरून धावत येऊन ताटावर बसली आणि सकाळपासून उपाशी असल्यासारखी खायला लागली, आणि ती तशी होतीच. मी तिथेच, कडब्याच्या पेंढीवर बसले. शेतकरी माझ्यापाशी आला. दिवसभरात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून त्याने विचारलं, "मॅडम, शाळा सकाळी किती वाजता भरती?"

इतकी वर्षं मी त्या शाळेत शिकवते. पण तेव्हा मला ते काही केल्या आठवेना. शेवटी त्याच्या मुलीनेच भरल्या तोंडाने सांगितलं.